आरपीएम पॅकेजमधली जुनी फाइल यूटीएफ-८ मध्ये आणताना

आरपीएम हे लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठीचं पॅकेज. ते तपासणाऱ्या आरपीएमलिंटने 'फाइल-नॉट-यूटीएफ८' असा इशारा दिला, म्हणजे फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ नाही असं सांगितलं, की बरेच जण स्पेक फाइलच्या (पॅकेज बांधण्याच्या कृतीच्या) प्रेप या तयारीच्या भागात आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या कमांडची एक ओळ टाकून मोकळे होतात. इशारा जातो, पण फाइल बरोबर झाली असं होत नाही.

आयएसओ ८८५९-१ या जुन्या एन्कोडिंगमध्ये २५६ पैकी प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ आहे. त्यामुळे मूळ एन्कोडिंग म्हणून तेच नाव दिलं, तर आयकॉन्व्ह कुठलीही फाइल मुकाट्याने बदलून देतो, आधीच यूटीएफ-८ असलेलीसुद्धा. फ्रेंच नावातला टोकदार ई घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट दोन: १९५ आणि १६९. पुन्हा रूपांतर झालं की चार होतात: १९५, १३१, १९४, १६९. मग पडद्यावर नागमोडी डोक्याचा मोठा ए आणि शेजारी कॉपीराइटचं चिन्ह दिसतं. पुढच्या आवृत्तीत मूळ लेखकाने फाइल स्वतःच सुधारली आणि स्पेकमधली ओळ तशीच राहिली, की नेमकं हेच घडतं.

म्हणून आधी तपासा. आयकॉन्व्हला दोन्हीकडे यूटीएफ-८ सांगा. चूक आली तरच पुढे जा. एन्कोडिंग ठरवताना 'फाइल' या प्रकार ओळखणाऱ्या कमांडचा अंदाज अंतिम मानू नका. १४६ हा बाइट दिसला तर ती बहुधा विंडोज-१२५२ मधली अपॉस्ट्रॉफी असते. आयएसओ ८८५९-१ धरलंत तर तिथे न दिसणारं नियंत्रण-चिन्ह येईल. ऑथर्ससारख्या (लेखकांच्या नावांच्या) फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळी वेगवेगळ्या एन्कोडिंगमध्येही असतात. यूटीएफ-८ लोकॅलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला -एन, -ए, -एक्स, -व्ही आणि '.*' द्या, बिघडलेल्या ओळी क्रमांकासह मिळतात.

आउटपुट त्याच फाइलवर वळवू नका. आयकॉन्व्ह सुरू होण्याआधीच शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती रिकामी करतो. नव्या नावाने लिहा, टच -आर ने जुनी तारीख चढवा, मग एमव्हीने ती मूळ नावावर हलवा. तिन्ही पायऱ्या && ने जोडा, म्हणजे रूपांतर फसलं तर मूळ फाइल शाबूत राहते. त्या फाइलला पॅच (बदलांची फाइल) असेल तर तो आधी लावा. पॅचमधल्या जुळवणीच्या ओळी जुन्याच बाइटमध्ये असतात, त्यामुळे नंतर लावला तर हंक, म्हणजे पॅचमधला बदलाचा तुकडा, नाकारला जातो. एक्सएमएलमध्ये पहिल्या ओळीतलं एन्कोडिंगचं नावही बदलायला हवं. पीओ (भाषांतराच्या) फाइलसाठी एमएसजीकॉन्व्ह वापरा, तो शीर्षकातलं एन्कोडिंगचं नावही (कॅरसेट) बदलतो.

बीओएम (सुरुवातीची अदृश्य एन्कोडिंग-खूण) दिसला तर फाइलच्या सुरुवातीचे २३९, १८७, १९१ हे तीनच बाइट काढा. स्क्रिप्टमध्ये ते राहिले तर ती कशाने चालवायची हे सांगणारं '#!' पहिल्या दोन जागी उरत नाही आणि कर्नल ती ओळ ओळखत नाही. पण 'सगळी अदृश्य चिन्हं काढा' अशी सरसकट सफाई मराठी भाषांतराच्या फाइलवर चालवू नका. 'दर्‍या' मधला र अनेकदा शून्य-रुंदी जोडक या अदृश्य चिन्हाने लिहिलेला असतो. बाइट २२६, १२८, १४१. तो उडाला की डोंगरातल्या दर्‍यांचा 'दर्या' होतो, आणि आरपीएमलिंट त्यावर अवाक्षर काढत नाही.