बॉस्फरसच्या पाण्यावरून दिसलेला तुर्कस्तान

एमिनोन्यूच्या धक्क्यावरून काळ्या समुद्राच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या बोटीत मी डावीकडचा कठडा धरला होता. इस्तंबूलला आलेले लोक ही फेरी काठावरचे राजवाडे बघायला करतात. मला जहाजं बघायची होती. रुमेली हिसार किल्ल्याखाली सामुद्रधुनी जेमतेम ७०० मीटर रुंद उरते. तिथेच एक मालवाहू जहाज आम्हाला ओलांडून उत्तरेकडे गेलं. रिकामं असल्यामुळे पाण्याबाहेर उंच आलेलं, तळाचा लाल रंग उघडा पडलेला, जागोजागी गंजाचे ओघळ.

तुर्कस्तानचं वजन समजून घ्यायचं तर या चिंचोळ्या पाण्यापासूनच सुरुवात करावी. १९३६ च्या माँत्रो करारानुसार शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना इथून मोकळी वाट आहे, युद्धनौकांना मात्र नियम आहेत. काळ्या समुद्राच्या काठी नसलेल्या देशाची युद्धनौका त्या समुद्रात २१ दिवसांहून जास्त थांबू शकत नाही. युद्ध पेटलं की लढणाऱ्या देशांच्या नौकांना वाट बंद. मूळ तळावर परतणाऱ्यांना तेवढी सूट. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, अंकारानं म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारनं हेच कलम लावलं आणि रशियाला दुसरीकडच्या युद्धनौका इथून आत आणता येईनात.

त्याच वेळी रशियाचा गॅस घेणं चालू, निर्बंधांना नकार आणि युक्रेनला तुर्की बनावटीचे बायरक्तार ड्रोन! १९५२ पासून नाटोत असलेल्या या देशानं २०१९ मध्ये रशियाची एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि त्यापायी अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातली जागा गमावली. याला कुणी दोन डगरींवर हात म्हणेल. मला त्यात किंमत मोजायची तयारी दिसते. काश्मीरबाबत आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तानच्या बाजूनं त्यांनी घेतलेली भूमिका मला अजिबात मान्य नाही. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली, तो राग रास्तच होता.

परतताना दोल्माबाह्चे राजवाडा लागला. युद्धामुळे अडकलेलं युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर काढण्याचा धान्य करार २२ जुलै २०२२ ला इथेच झाला. रशिया आणि युक्रेननं एकमेकांशी सही केलीच नाही. दोघांनी तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर वेगवेगळ्या कागदांवर सह्या केल्या. मग चारही बाजूंची माणसं मिळून इस्तंबूलजवळ जहाजं तपासू लागली. जुलै २०२३ मध्ये रशिया बाहेर पडला, करार संपला. पण वर्षभरात जवळपास ३.३ कोटी टन धान्य युक्रेनच्या बंदरांतून निघालं. त्या वेळी दोन्ही शत्रूंना एका मेजाशी आणणं नाटोतल्या दुसऱ्या कुठल्या देशाला जमलं असतं, असं मला वाटत नाही.