दहा अर्ध्या दिवसांचा हिशोब

तुळशीचं लग्न लागलं की इंग्लंडमधल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲपवर पत्रिका येऊन पडायला लागतात. पाठोपाठ फोनवर आत्याचा नाहीतर मामीचा ठरलेला प्रश्न: "चार दिवस पोरांची शाळा बुडली तर काय आभाळ कोसळणार आहे का?" आभाळ कोसळत नाही हो, पण कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, दंडाची नोटीस येते. घरच्या कार्याला न येणाऱ्यांना "तिकडे जाऊन शेफारले" म्हणण्याआधी हा हिशोब एकदा वाचा.

इथे हजेरी दिवसाला दोनदा लागते, सकाळी आणि दुपारी. म्हणजे एका दिवसाचा खाडा हजेरीपटात दोन खाडे म्हणून पडतो. सलग दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी असे दहा खाडे, म्हणजे पाच दिवस भरले, की दंडाचा विचार करणं शाळेला भाग आहे. १९ ऑगस्ट २०२४ पासून हा नियम इंग्लंडभर एकसारखा झाला. दंड प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे ८० पौंड, तोही २१ दिवसांत भरला तर. त्यानंतर २८ व्या दिवसापर्यंत १६० पौंड. आई, बाबा आणि दोन मुलं असतील तर चार नोटिसा, म्हणजे ३२० पौंड, आणि विसरलात तर ६४०. बाबा ऑफिसच्या कामासाठी लंडनलाच थांबले आणि आई एकटी मुलांना घेऊन पुण्याला गेली, तरी बाबा सुटतीलच असं नाही. मुलांना जाऊ दिलं ना, मग नोटीस त्यांच्याही नावे निघू शकते.

आपली माणसं कुठे फसतात, तर 'सलग दहा शालेय आठवडे' या शब्दांत. सुट्टीचे आठवडे त्यात मोजतच नाहीत. शाळा नाताळसाठी शुक्रवारी सुटणार असते आणि स्वस्त विमान असतं बुधवारी सकाळचं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मिळून सहा खाडे. परतीचं विमान मंगळवारी उतरतं, शाळा मात्र सोमवारीच उघडलेली असते. आणखी चार. दोन्हीकडचे मिळून बरोबर दहा. मध्ये नाताळ गेला, वर्ष बदललं, टर्म बदलली, याच्याशी मोजणीला काही देणंघेणं नाही. त्यात उशिरा पोचणंही धरतात. हजेरीपट बंद झाल्यावर, म्हणजे फार तर अर्ध्या तासानंतर, मूल शाळेत आलं तर ते दिवसभर वर्गात बसूनही सकाळचा एक खाडा लागतो. चार दिवसांची सहल 'बसवून' निर्धास्त झालेल्या घरात दोन उशिरांनी गणित पूर्ण झालेलं असतं. दर वेळी मुद्दाम दहाच्या आत राहणारेही कौन्सिलच्या लक्षात येतात. अशांना आकडा भरण्याआधीच नोटीस देण्याची मुभा कौन्सिलला आहे.

पूर्वी दंड ६० पौंड होता, तेव्हा कित्येक घरं तो सरळ तिकिटाच्या किमतीत धरायची. चार जणांच्या तिकिटांत ऑगस्ट आणि नोव्हेंबर यांच्यातला फरक दंडाहून कितीतरी मोठा, मग भरला दंड! हा हिशोब आता चालत नाही. पहिल्या नोटिशीपासून तीन वर्षांत त्याच मुलासाठी त्याच पालकाला दुसरी नोटीस आली तर सवलतीविना थेट १६० पौंड. तिसऱ्यांदा नोटीस नाहीच, प्रकरण सहसा कोर्टात जातं. तिथे कलमानुसार १,००० किंवा २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. वेळेत भरलेल्या दंडाने फौजदारी नोंद होत नाही, कोर्टात दोषी ठरल्यावर मात्र होते, आणि ती कायमच्या वास्तव्याच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात लिहावी लागते. व्हिसावर असलेल्या माणसाला खरी धास्ती असते ती याची. नोटिशीवर अपील नाही, हप्ते नाहीत. भरा, नाहीतर कोर्टात या.

कोर्टात जाऊन भांडलेला एक बाप आहेही. इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या वाइट बेटावरचे जॉन प्लॅट यांनी २०१५ मध्ये मुलीला फ्लोरिडाला नेलं आणि १२० पौंड भरायला नकार दिला. बाकीच्या वेळी मुलगी नियमित शाळेत जाते, हा त्यांचा मुद्दा होता. खालच्या कोर्टांत ते जिंकलेही. पण एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नियमित' म्हणजे 'शाळेच्या नियमांप्रमाणे' असा अर्थ लावला आणि ती वाट बंद झाली.

आता मनातली मळमळ. नियम सगळ्यांना सारखा म्हणतात, पण कॅलेंडर कोणाचं? मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर, म्हणजे ऐन चातुर्मासात. लग्नाचे मुहूर्त संपल्यावर यांची शाळा सुटणार आणि मुहूर्त सुरू झाले की भरलेली असणार. नाताळ आणि ईस्टरला दोन-दोन आठवडे. दिवाळीला धार्मिक कारणाने रजा मिळते, पण साधारण एकच दिवस. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचं बाकी सगळं आपल्या खाती. मुंज तर त्या खान्यात बसतच नाही, कारण तो दिवस धर्मसंस्थेने ठरवलेला नसतो, घराने ठरवलेला असतो. आणि भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांना ही दंडाची पद्धत लागूच नाही! त्यांच्या टर्मही लहान. ज्यांना महाग तिकीट परवडतं, तेच आधी विमानात बसतात.

पालकाला दंड ही कल्पना आपल्याला नवी नाही. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. तो दंड पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी न चढलेल्या घरातलं मूल वर्गात यावं म्हणून होता. इथला दंड एरवी रोज वर्गात असणारं मूल पाच दिवस आजीकडे गेलं म्हणून. तुलना ओढूनताणून आहे, कबूल. आणि हेही कबूल की मूल सकाळी वर्गात दिसलं नाही तर त्याच दिवशी घरी फोन करणारी शाळा आपल्याकडे किती मुलांच्या नशिबी असते? दंडाच्या पैशांवर कौन्सिललाही चैन करता येत नाही. याच व्यवस्थेवर खर्च करायचा, उरलं तर सरकारजमा.

'मूल आजारी आहे' अशी थाप मारायचा सल्ला सोलापूरपासून स्लाऊपर्यंत सगळे देतात. तो ऐकू नका. शाळेने फोन केला की परदेशातली रिंग वेगळी वाजते. धाकटं भावंड दुसऱ्या शाळेत खरं बोलून जातं. परत आल्यावर मूल स्वतःच वर्गात हत्तीच्या सवारीचं वर्णन करतं. शंका आली तर शाळा डॉक्टरचा पुरावा मागते आणि आजारपणाचा खाडा विनापरवानगीत बदलते. नाव काढून दोन महिने गावच्या शाळेत घालायचं, ही दुसरी युक्ती. परत आल्यावर ती जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला गेलेली असते.

जमतं ते एवढंच. तिकीट काढण्याआधी हेडटीचरना लेखी अर्ज करायचा, कारण गेल्यानंतर परवानगी मिळत नाही. नातं, तारीख, ती का बदलता येत नाही, आणि कमीत कमी किती दिवस लागतील, हे स्पष्ट लिहायचं. पत्रिका इंग्रजी भाषांतरासह जोडायची. 'स्वस्त तिकीट' हा शब्द चुकूनही नको. सख्ख्या काकाच्या लग्नाला एखाददुसरा दिवस देणारे हेडटीचर आहेत, साफ नाही म्हणणारेही आहेत. घरात मृत्यू झाला तर बहुतेक शाळा समजून घेतात, पण दहावा-तेरावा म्हणजे काय आणि त्यासाठी किती दिवस लागतात हे आपणच लिहावं लागतं. आजी अत्यवस्थ असेल तर इस्पितळाचं पत्र हवं. 'आजी थकली आहे' हे कारण चालत नाही, मग ते कितीही खरं असो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस शाळेच्या वेबसाइटवर असतात. त्या दिवशी हजेरीच नसल्याने खाडा लागत नाही, ते सुट्टीला जोडून घ्यावेत. पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरची नवी टर्म सुरू होईपर्यंत त्या मुलासाठी दंडच नाही, त्यामुळे धाकट्याचं जावळ-बारसं आधी उरकून घ्या. स्कॉटलंडमध्ये असा ठरावीक दंड नाही. वेल्समध्ये अजून ६० पौंड आहे आणि हेडटीचर दहा दिवसांपर्यंत रजा देऊ शकतात, म्हणून सीमेलगतच्या ब्रिस्टलचे लोक पुलापलीकडच्या वेल्सकडे बघून सुस्कारे टाकतात.

तेव्हा मामी, मुहूर्त काढताना गुरुजींच्या पंचांगाशेजारी शाळेचं कॅलेंडरही ठेवा. फेब्रुवारीच्या मध्यावर एक आठवडा सुट्टी असते, त्या दिवसांत मुहूर्त मिळाला तर आम्ही अक्षता टाकायला हजर. मे अखेरचा आठवडाही असतो, हापूसही तोवर असतो. पण २०२६ मध्ये तो आठवडा अधिक ज्येष्ठात सापडतो, लग्न नाही. शुक्रवार २२ मेच्या संध्याकाळपासून रविवार ३१ पर्यंत नऊ दिवस, एकही खाडा न लागता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायला हरकत नाही. अनारशांचं पीठ तेवढं भिजवून ठेवा.