अठरा टक्के

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या त्या एका खिडकीपुढे मी सात बुधवार काढले. अपघाताची नुकसानभरपाई मिळाली का, असं कुणी विचारलं की मला कोर्ट आठवत नाही, ती गाडीवालीही आठवत नाही. खिडकीतली हिरवी जाळी आणि जाळीमागून येणारा आवाज आठवतो, ‘‘मावशी, पुढच्या बुधवारी या.’’

जून २०२३ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्यावर एक कार उलट्या बाजूने आली आणि माझ्या स्कूटीला धडकली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजवं मनगट मात्र चेचलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, सहा आठवडे हात गळ्यात. मी घरी ब्लाउज शिवते, आता वीस वर्षं होतील. उजव्या मनगटाशिवाय शिंपिणीकडे उरतं काय, ते शिवणारीलाच कळेल.

पोलिसांचं काम त्या मानाने सुरळीत झालं. रुग्णालयानेच एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची अपघाताची नोंद, करून चौकीला कळवलं होतं, त्यामुळे फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची कागदपत्रं हे सगळं आमच्या ह्यांनी आणि भाचेजावयांनी दोन-तीन खेपांत गोळा केलं. कारचा विमा चालू होता. नसता तर वसुली गाडीमालकाकडून करावी लागली असती आणि मी आजही तिथेच बसले असते. ठाण्यातून ‘फॉर्म एए’ मागून घ्या, त्यात गाडी, चालक, परवाना, विमा सगळं एका जागी असतं. वकीलसाहेबांनी पहिल्या भेटीत तोच मागितला. नंतर विचारलं, ‘‘वहिनी, तुमचं स्वतःचं लायसन्स आहे ना?’’ होतं. नशीब.

भरपाईचा अर्ज नोव्हेंबरात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पडला. २०२२ च्या एप्रिलपासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा नियम आहे. त्या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेलाय म्हणतात, पण त्या भरवशावर घरी बसू नका. दुसरं म्हणजे अपघात जिथे झाला तिथेच दावा लावावा लागतो असं नाही, आपण राहतो तिथेही लावता येतो. आमच्या शेजारच्या काकांना हे कुणी सांगितलं नाही, ते दर तारखेला एसटीने दीडशे किलोमीटर जायचे.

आता खिडकी.

हाताला कायमचं किती अपंगत्व आलं याचा दाखला लागतो. मला वाटलं, ऑपरेशन केलेले डॉक्टर लिहून देतील. वकीलसाहेब म्हणाले, त्यावर विमा कंपनीचा वकील तुटून पडेल, सरकारी वैद्यकीय मंडळाचाच आणा. मंडळ बसतं बुधवारी. पहिल्या बुधवारी नऊला पोचले, टोकन संपलेली. सातलाच रांग लागते हे बाहेरच्या चहावाल्याकडून कळलं. दुसऱ्या बुधवारी नंबर लागला तर एक्स-रे जुना, नवा काढा. तिसऱ्या बुधवारी एक्स-रे होता, हाडांचे डॉक्टर शिबिराला गेलेले. चौथ्या बुधवारी एकदाचे डॉक्टर भेटले. कोन मोजायच्या पट्टीने मनगट वर-खाली, डावी-उजवीकडे मोजलं, मूठ आवळायला लावली. माणूस चांगला होता, दुखतंय का विचारत होता. महिन्याभराने दाखला आला. अठरा टक्के.

तो घेऊन मी थेट वकिलांकडे गेले. पेढेसुद्धा घेतले होते वाटेत, खोटं कशाला सांगू. त्यांनी कागद उजेडात धरला आणि खालच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का होता, ‘न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही.’

हा दाखला योजनांसाठी, प्रवास सवलतीसाठी. दाव्यासाठी हवा असेल तर न्यायाधिकरणाचं पत्र लागतं. हे पहिल्या बुधवारी खिडकीतून सांगायला काय जात होतं? मी प्रत्येक वेळी ‘अपघाताच्या केससाठी हवाय’ असंच म्हणत होते.

मग वकिलांनी अर्ज दिला, न्यायाधिकरणाने रुग्णालयाला पत्र पाठवलं, टपालाने. एक तारीख गेली, उत्तर नाही. दुसरी गेली. पाचव्या बुधवारी मी पुन्हा जाळीसमोर. ‘‘पत्र आलंच नाही.’’ मी जावक क्रमांक दाखवला. ‘‘तो त्यांचा जावक. आमचा आवक क्रमांक आणा.’’ आता तुमचा आवक क्रमांक मी कुठून आणणार? सहाव्या बुधवारी जाऊबाईंना बरोबर घेतलं. त्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यात, त्यांना रजिस्टरांची भीती वाटत नाही. त्यांनी खिडकी सोडली आणि सरळ मागच्या आवक विभागात जाऊन म्हणाल्या, ‘‘दादा, मार्चचं रजिस्टर बघू द्या जरा.’’ नोंद सापडली. पाकिटावर ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ एवढंच होतं, मंडळाचं नाव नव्हतं, म्हणून पत्र आस्थापना शाखेत गेलं होतं. तिथे बदल्यांच्या फायलींखाली चार महिने पडून होतं. जाऊबाईंनी ते हातात घेतलं आणि स्वतः नेऊन खिडकीत ठेवलं.

सातव्या बुधवारी तेच डॉक्टर, तीच पट्टी, तेच मनगट. अठरा टक्के. फरक एवढाच की या वेळी शिक्का नव्हता. माझे दहा महिने त्या शिक्क्याने खाल्ले.

म्हणून सांगते, कोर्टाचं पत्र आधी काढा, मग मंडळाकडे जा. आणि पत्र टपालावर सोडू नका. ‘हस्तपोच’ द्यायची परवानगी वकिलांना मागायला सांगा, स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या.

एवढं करून साक्षीच्या वेळी त्या डॉक्टरांची बदली झाली होती. समन्स दोनदा परत आलं. शेवटी दाखल्यावर सही असलेले दुसरे डॉक्टर आले, पाच मिनिटांत साक्ष झाली.

अठरा टक्के ऐकून मी खचले होते. म्हणजे माझं नुकसान शंभरात अठरा? मी तर महिन्याला पाच-सहा ब्लाउजांवर आले होते, पूर्वी चाळीस व्हायचे. वकिलांनी तेव्हा समजावलं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार वि. अजयकुमार निकालातच उदाहरण आहे. एक हात गेला तर सुताराची जवळपास सगळी कमाई जाते, कारकुनाची नोकरी राहू शकते. म्हणजे कामाचा पुरावा हवा. मी आयकर भरलेला नाही, पावतीपुस्तक नाही. माझ्याकडे होत्या मापांच्या वह्या. अकरा वह्या. प्रत्येक पानावर नाव, तारीख, छाती-कंबर-बाही, शिलाई किती, आगाऊ किती. जूनआधी पानंच्या पानं भरलेली, जूननंतर जवळपास कोरी.

कंपनीच्या वकिलांनी वही दोन बोटांत धरून विचारलं, ‘‘तुम्ही अजूनही शिवणकाम करता, हे खरं आहे ना?’’

मी म्हटलं, ‘‘शिवते. कापता येत नाही. कात्री चालत नाही.’’

न्यायाधीश साहेबांनी ते लिहून घेतलं. निकालात हेच वाक्य आलंय.

हिशोब असा झाला. महिना बारा हजार धरले, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. चाळीस ते पन्नास वयाच्या, स्वतःचा धंदा असणाऱ्याला पुढच्या वाढीचे पंचवीस टक्के मिळवतात, झाले १,८०,०००. अपघाताच्या वेळी माझं वय ४३, त्याला गुणक, म्हणजे वयाप्रमाणे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, १४. आले २५,२०,०००. त्यातलं कमाईचं नुकसान त्यांनी अठराऐवजी पंचवीस टक्के धरलं, म्हणजे ६,३०,०००. औषधोपचाराचे १,३८,०००, वेदनांचे पन्नास हजार, येण्याजाण्याचे, मदतनिसाचे वगैरे बत्तीस हजार. साडेआठ लाख, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. लोकअदालतीत कंपनी साडेतीन लाखांवर मिटवायला तयार होती. हे म्हणत होते, घेऊन टाकू. मी त्या सात बुधवारांच्या रागाने नाही म्हटलं. शहाणपणा नव्हता तो, हट्ट होता, पण लागला कामाला.

मेडिक्लेमबद्दल विसरलेच. माझी थोडी बिलं मेडिक्लेममधून मिळाली होती, तेवढी कापा असं कंपनीचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करता येत नाहीत, हप्ता आपण भरलेला असतो. वकिलांनी तो निकाल लावला, विषय मिटला. फक्त मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे जातात, तेव्हा देण्याआधी त्यांच्याकडूनच प्रतींवर सही-शिक्का घ्या. मी घेतला नव्हता, नंतर त्यासाठी दोन महिने फोन केले.

आणि दलालांपासून जपा. अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी वॉर्डाबाहेर एकजण कार्ड घेऊन आला होता, ‘‘सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा.’’ भूल पुरती उतरली नव्हती तरी मी डावा हात पदराखाली घेतला.

पैसे निम्मे खात्यावर आले, निम्मे न्यायाधिकरणाने मुदतठेवीत ठेवायला लावले. कटिंगला आता जाऊबाईंची नात येते, मी माप घेते आणि मशीनवर बसते. बारावी वही सुरू केलीय. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची सही घेते. बायका हसतात, ब्लाउजाला सही कशाला म्हणून, पण करतात.