डर्बीहून बर्टनच्या वाटेवर: बिअरसाठी जुनी भांडी

इंग्लंडमधल्या डर्बीला येऊन तीन वर्षं झाली, पण रविवारी पहाटे साडेपाचला मी स्वखुशीने कधी उठलो नव्हतो. घरी बिअर करायचा नवा संच दुकानात पाहिला, त्याची किंमत पाहिली आणि पुण्याच्या जुन्या बाजाराचे संस्कार जागे झाले. इथे तसल्या बाजाराला कार बूट सेल म्हणतात. शेतात गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातली अडगळ मांडायची. ईस्टरपासून थंडी पडेपर्यंत रविवारी कुठे ना कुठे असतोच. "लोणच्याच्या बरण्या आणायला निघालायस का?" बायकोने पांघरुणातूनच विचारलं.

आधी कायद्याचं सांगतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मित्रांनी हे नुसतं वाचावं.

बर्टन या बिअरच्या गावाच्या अलीकडे, हमरस्ता सोडून एका शेतात पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. गमबूट घाला, माझे बूट कामातून गेले. सुटी नाणी खिशात ठेवा, दोन पौंडांच्या वस्तूला वीसची नोट काढली की भाव करायचा हक्क गेलाच. चांगला माल पहिल्या तासात उडतो. स्वस्त हवा असेल तर मात्र बाराच्या सुमाराला फिरा, कारण जड वस्तू परत घरी न्यायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

१९७० च्या दशकात इथे घरी वाइन आणि बिअर करायचं वेड होतं. त्या पिढीची गॅरेजं आता रिकामी होताहेत, म्हणून डेमिजॉन, म्हणजे साडेचार लिटरच्या जाड काचेच्या बाटल्या, ढिगाने दिसतात. एका आजोबांकडे सहा होत्या. मी दोन मागितल्या, तर म्हणाले, सगळ्या ने, पाच पौंड दे, बायको रोज बोलते. घासाघीस करायची संधीच दिली नाही. काचेला तडा नाही ना, हे आकाशाकडे धरून बघा. आतला वाळलेला गाळ धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवला की निघतो.

प्लास्टिकच्या बादलीचं तसं नाही. माझी पहिली बिअर व्हिनेगर झाली ती अशाच एका फुकट मिळालेल्या बादलीमुळे. प्लास्टिकवर ओरखडे असले की त्यात जंतू दडून बसतात आणि कितीही घासलं तरी हलत नाहीत. झाकण उघडून वास घ्या. कांद्याच्या लोणच्याचा आला तर पुढे चला. आता मी काच आणि स्टील जुनं घेतो. बादली, नळी, तोटी आणि रबरी बूच नवंच. हे सगळं नवं घेऊनही फार पैसे जात नाहीत, पैसे जातात ते मोठ्या भांड्यात.

ते भांडंही मिळालं. चर्चच्या चहापानाला वापरतात तसला पाणी तापवायचा स्टीलचा विजेचा डबा, जवळपास तीस लिटरचा, बारा पौंडांना. आत चुन्याचा थर होता, तो सायट्रिक अॅसिडने निघाला. वायर मात्र इलेक्ट्रिशियन मित्राला दाखवून बदलून घेतली, तेवढा कंजूषपणा करू नका. शेजारी जस्ताचा मुलामा दिलेली छान टमरेलं आणि टब होते. ते बागेला ठीक, पण आंबट द्रावणात जस्त उतरतं, म्हणून बिअरला नकोत.

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवायला खास पिशवी विकतात. मी खिडकीच्या पडद्याचं पॉलिएस्टरचं जाळीदार कापड घेतलं आणि चक्का टांगतो तशी पुरचुंडी बांधली. काम तेच.

बाटल्या विकत घेऊच नका. नेहमीचा घाणा २३ लिटरचा, गाळ सोडून अर्ध्या लिटरच्या चाळीसेक बाटल्या भरतात. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं तर महिन्याभरात जमतात. तपकिरीच ठेवा, हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड लागून बिअरला उग्र वास येतो. झाकणं बसवायला दोन दांड्यांचं यंत्र शोधा. हातोडी मारून बसवायचंही मिळतं, त्यात माझ्या तीन बाटल्यांचे गळे गेले. निर्जंतुक करायला ब्लीच वापरलंत तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्यात व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

परतायच्या आधी बर्टनमध्ये थांबलो. इथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम नावाचं खनिज आहे, त्याने हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा खुलतो. १८२० च्या दशकात इथूनच हिंदुस्थानात पेल एलची, म्हणजे फिकट रंगाच्या बिअरची, पिंपं जाऊ लागली. दोनशे वर्षांनी एक पुणेकर त्याच गावाशेजारून चहाचा डबा घेऊन चालला होता. गाडी मित्र चालवत होता, म्हणून मी अर्धा पाइंट घेतला.

त्या सकाळी एकंदर बावीस पौंड गेले. त्यातला एक पौंड हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजायच्या काचेच्या नळीचा. साध्या पाण्यात १.००० दाखवतो का, हे बाटलीतल्या पाण्यात तिथेच तपासलं होतं, अगदी बरोबर होता. घरी येईपर्यंत तो डेमिजॉनखाली फुटला. तो नवाच घ्या, आणि दोन घ्या.