जुन्या इंग्रजीत सोपे शब्दच फसवतात

जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना आपण अडतो अवघड शब्दांपाशी, पण फसतो सोप्या शब्दांपाशी. अवघड शब्द आला की कोश काढतो. ‘वॉन्ट’ किंवा ‘मॉर्निंग’साठी कोण कोश उघडतंय?

‘नॉक अप’ घ्या. कॉनन डॉयलच्या ‘स्पेकल्ड बँड’ या १८९२च्या कथेत सकाळी सव्वासातला होम्स वॉटसनच्या पलंगाशी येऊन उभा राहतो. तुला ‘नॉक अप’ केल्याबद्दल माफ कर, म्हणतो. आधी मिसेस हडसन ‘नॉक अप’ झाल्या, मग त्यांनी मला केलं, आता मी तुला. अमेरिकी सिनेमांवर इंग्रजी पोसलेल्या वाचकाला इथे घरमालकीणबाईंना दिवस गेल्यासारखं वाटतं! अर्थ एवढाच, की दार ठोठावून झोपेतून उठवलं. त्याच्याही आधी, जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये (१८१४), फॅनी ‘नॉक अप’ होते म्हणजे थकून जाते. नेमाने व्यायाम केला तर इतक्या लवकर दमणार नाही, असं मावशी सुनावते. शब्द तेच, अर्थ तीन.

बऱ्याचदा खूण शेजारच्या शब्दात असते. ‘वॉन्ट टू’ म्हणजे इच्छा, पण ‘वॉन्ट ऑफ’ म्हणजे उणीव. ऑस्टिनच्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या (१८१३) पहिल्याच वाक्यात पैसेवाला अविवाहित पुरुष ‘इन वॉन्ट ऑफ’ बायको असतो. याचं ‘त्याला लग्न करायचं असतं’ असं मराठी केलं, की त्यातली खोच गेली. त्याच्याकडे बायकोची कमी आहे हे त्याने नाही, शेजारपाजाऱ्यांनी ठरवलंय. तसंच ‘सेन्सिबल’पुढे ‘ऑफ’ दिसला, की माणूस शहाणा नव्हे, त्याला त्या गोष्टीची जाणीव आहे. आणि ‘मेक लव्ह टू’ म्हणजे तोंडी प्रेमाराधन. ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीत नाताळच्या आदल्या रात्री एल्टन बग्गीत एमाचा हात धरून हेच करतो, बोलतो, लग्नाची मागणी घालतो, बास.

वेळेचे शब्द आणखी चकवतात. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या नेदरफील्ड या बंगल्यात बायका ५ वाजता कपडे बदलायला जातात आणि साडेसहाला डिनर होतं. डिनरपर्यंत सगळी ‘मॉर्निंग’च. म्हणून ‘मॉर्निंग कॉल’चं ‘सकाळी भेटायला गेली’ केलं, तर बिचारी बाई लोकांच्या आंघोळीच्या वेळी दारात उभी राहते. ‘दुपारी’ लिहा, नाहीतर वेळ गाळा.

हाक मारण्याचंही तेच. त्याच कादंबरीत लग्नाला २३ वर्षं झाली तरी मिसेस बेनेट नवऱ्याला ‘मिस्टर बेनेट’च म्हणते. ‘श्रीयुत बेनेट’ कशाला? आपल्याकडे ‘अहो’ तयार आहे. मात्र नुसतं ‘मिस बेनेट’ म्हणजे त्यांची थोरली मुलगी जेन, दुसरी असते ‘मिस एलिझाबेथ’. हे निसटलं, तर कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळत नाही.

शंका आली, की प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर त्या पुस्तकाचा मजकूर उघडून तोच वाक्प्रचार शोधायचा. चार-पाच जागा सापडतात. आपण धरलेला अर्थ प्रत्येक ठिकाणी घालून बघायचा; एका जागी जरी खटकला, तरी कोश काढायचा. कोश पुस्तकाच्या काळाजवळचा हवा: ऑस्टिनला जॉन्सनचा १७५५चा, होम्सला वेबस्टरचा १९१३चा. मोल्सवर्थ-कँडींचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोशही कामाचा, कारण त्यातली इंग्रजी त्याच शतकातली आहे.

उदाहरणार्थ, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या ‘कॉन्डिसेन्शन’चे गोडवे गातो. आजचा कोश सांगतो, वरचढपणाचा तोरा. मग हा टोमणा मारतोय का? जॉन्सन सांगतो, आपण होऊन पायरी उतरून खालच्यांशी बरोबरीने वागणं. म्हणजे कॉलिन्स मनापासून स्तुतीच करतोय, आणि हसायचं ते त्यालाच.