दमानं घ्या, ला पाझ आहे

बोलिव्हियातल्या ला पाझला जाणारं विमान ला पाझमध्ये उतरतच नाही. ते उतरतं वर, शेजारच्या एल आल्तो शहरात, ४,००० मीटरच्याही थोडं वर, आणि मग टॅक्सी करून शहरात खाली यायचं. खाली म्हणजे तरी किती, तर ३,६०० मीटर. कळसूबाईवर अजून एक कळसूबाई ठेवा, तरी या शहराचा मधला चौक वरच राहतो. लेहला जाऊन आलेल्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये, हे लेहपेक्षाही जरा उंच आहे आणि इथे लोक टाय लावून ऑफिसला जातात.

हॉटेलच्या रिसेप्शनला गरम पाण्याचा थर्मास आणि शेजारी टोपलीत कोकाची पानं ठेवलेली होती. कपात पानं टाकायची, वर पाणी ओतायचं, झाला माते दे कोका. चव म्हणाल तर वाळलेल्या गवताची, पण वाईट नाही. कोकेन याच पानांपासून बनतं, म्हणून बऱ्याच देशांत ती बॅगेत सापडली तर भानगड, इथे पाहुण्याच्या हातात आधी हाच कप येतो. मी दोन कप प्यायले, नवऱ्याने एक पिऊन आपली एक्सेल शीट उघडली. त्यात सकाळी ९ ते संध्याकाळी ७ असे रंगीत चौकोन होते आणि जेवणाला ३० मिनिटं.

आता आमच्या चालण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत आम्ही शेजारी शेजारी फार कमी चाललोय. तो पुढे, मी दहा-पंधरा पावलं मागे. लक्ष्मी रोड असो, सिंगापूर असो, मला त्याची पाठ आणि बॅकपॅकची चेन उघडी आहे की बंद एवढंच दिसतं. मध्येच थांबून मागे बघतो, मी पोचले की लगेच निघतो, म्हणजे विश्रांती फक्त त्याला. यावर भांडून झालं, अबोला धरून झाला, चपला बदलून झाल्या.

तर सान फ्रान्सिस्को चर्चच्या कडेने सागार्नागा नावाचा रस्ता चढत जातो. दगडी, उभा, दोन्ही बाजूला स्वेटर आणि टोप्यांची दुकानं. त्या चढाला नवरा नेहमीच्या स्पीडने निघाला आणि तिसऱ्या दुकानापाशी थांबला, स्वेटर बघतोय असं दाखवत. मी आपली हळूहळू पोचले. मग आम्ही दोघं तो स्वेटर बघत उभे राहिलो, बराच वेळ, दुकानदारीण बिचारी भाव सांगतेय आणि आमच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. जरा बोलता येऊ लागल्यावर त्याने मला समजावलं की हवेतला ऑक्सिजन तसाच २१ टक्के असतो गं, कमी झालेला असतो तो हवेचा दाब, म्हणून एका श्वासात समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांशच मिळतो. मी म्हटलं, बरं, मग आता बोलू नकोस, वाया जातोय.

तिथून पुढे दिवसभर आम्ही एका चालीने चाललो. वीस पावलं, थांबा, वीस पावलं, थांबा. आणि थांबलं की आजूबाजूचं दिसतं, ही एक गोष्ट त्या एक्सेलमध्ये नव्हती. आमच्या बाजूने एक आजी गेल्या, घोळदार पोयेरा म्हणजे घागरा, दोन वेण्या, डोक्यावर बोलर हॅट, पाठीवर रंगीत आग्वायोत म्हणजे विणलेल्या चौकोनी कापडात बांधलेलं भलंमोठं गाठोडं, आणि चढावर चक्क फोनवर कोणाला तरी झापत होत्या. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं वगैरे ठीक आहे, पण चढताना भांडायचं म्हणजे कमाल आहे.

वर लिनारेस गल्लीत तो प्रसिद्ध चेटकिणींचा बाजार. औषधी पाला, मेणबत्त्या, साखरेच्या वड्या आणि दोरीला टांगलेले लामाचे वाळलेले गर्भ. पहिल्यांदा दचकायला होतं. घर बांधताना ते पायात पुरतात, पाचामामाला म्हणजे धरणीमातेला अर्पण म्हणून. पाया खणायच्या आधी नारळ फोडणाऱ्या माणसांनी याला नावं ठेवू नयेत, असं माझं मत. नवरा मात्र फोटो न काढता पुढे सरकला, वीसच पावलं अर्थात.

प्लाझा मुरिय्यो या मधल्या चौकात कबुतरं आणि संसदेच्या इमारतीवरचं उलटं घड्याळ. २०१४ मध्ये त्यांनी ते मुद्दाम उलटं करून घेतलं, आकडेही उलटे, काटेही उलटे. दक्षिण गोलार्धात सावली अशीच फिरते, मग आम्ही उत्तरेचं घड्याळ का वापरायचं, असा सवाल. बाकावर बसल्या बसल्या नवऱ्याला २००९ आठवलं, मॅराडोना कोच, मेस्सी टीममध्ये आणि अर्जेंटिनाने इथे बोलिव्हियाकडून ६-१ असा मार खाल्ला ती मॅच. मेस्सीला जमलं नाही तर मला काय जमणार, असं म्हणून त्याने चौकातला पुढचा म्युझियमचा चौकोन स्वतःहून डिलीट केला. मी तारीख लिहून ठेवली नाही, ठेवायला हवी होती.

रस्ता ओलांडताना झेब्र्याच्या पोशाखातली पोरं गाड्या अडवतात, २००१ पासून हा उद्योग चालू आहे, ड्रायव्हरांना शिस्त लावायला. एका झेब्र्याने आम्हा दोघांना हात धरून पलीकडे नेलं. आमच्या दोघांच्या वयापेक्षा आमचा चेहरा बघून नेलं असावं.

दुपारी केबल कार. ही टुरिस्टांसाठी नाही, इथली मेट्रोच ती, आम्ही गेलो तेव्हा ३ बोलिव्हियानो तिकीट, शाळेतली मुलं, भाजीच्या पिशव्या, सगळं त्यात. लाल लाइन कब्रस्तानावरून वर एल आल्तोला जाते, तिथे मजल्यावर मजले असलेली थडगी वरून दिसतात. वर विटांची बिनगिलाव्याची घरं, थंडी, वारा. मग चंदेरी लाइनने कडेकडेने आणि पिवळीने खाली, समोर ६,४३८ मीटरचा इलिमानी डोंगर बर्फ घेऊन बसलेला, मग हिरवी, आणि थेट दक्षिण भागात. जसजसं उतरावं तसतशी हवा ऊबदार, घरं मोठी, कुंपणं उंच, गाड्या चकचकीत. मुंबईत जितका वरचा मजला तितका भाव जास्त, इथे श्रीमंत माणूस तळाला राहतो, कारण त्याला श्वास परवडतो. कोणीतरी या शहराचा नकाशा काढताना उत्पन्नाचे आकडे वेगळे द्यायची गरज नाही, उंचीच्या रेषा पुरेत.

स्टेशनबाहेर आलो तर जॅकेट काढावं लागलं. छाती जरा मोकळी वाटली, आठशे मीटर उतरलो होतो म्हणून की नुसतं मनाचं ते कोण जाणे. रस्ता सपाट होता, बऱ्यापैकी सावली होती, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान दिसत होतं. मी म्हटलं चल तिथे बसू, आणि शेजारी बघते तर कोणी नाही, तो पुढच्या सिग्नलला. बॅकपॅकची चेन उघडी.