कल्याणाच्या सिद्धांतांवर पीएच.डी. करायची असेल तर

'सुखाची संकल्पना: एक चिकित्सक अभ्यास' अशा विषयाचा प्रस्ताव मुलाखतीत टिकत नाही. त्यात कुणी खोडून काढू शकेल असं विधानच नसतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तत्त्वज्ञानात एम.ए. करून येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: सिद्धांत निवडू नका, त्यावरचा एक आक्षेप निवडा.

माणसाचं आयुष्य चांगलं कशामुळे होतं, याच्या उत्तरांची ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने 1984 साली केलेली विभागणी आजही वापरात आहे: सुखवाद (सुखद अनुभव म्हणजेच भलं), इच्छापूर्तीचा सिद्धांत (इच्छा पुऱ्या होणं म्हणजे भलं) आणि वस्तुनिष्ठ यादी (काही गोष्टी, आपल्याला हव्या असोत-नसोत, चांगल्याच). सुखवादावर अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकच्या 1974च्या 'अनुभव-यंत्रा'चा (हवे ते सुखद पण खोटे अनुभव देणारं काल्पनिक यंत्र) दाखला इतका चघळला गेलाय की नवख्याने त्यात पडू नये.

इच्छापूर्तीकडे मात्र बरंच काम शिल्लक आहे, आणि आपल्या भागात त्यासाठी उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ते महाराष्ट्रात यावं ही इच्छा आयुष्यभर धरून एखादा माणूस वारला. 2004पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल पुढे त्याच्या मनासारखा लागला, तर त्याचं आयुष्य जास्त चांगलं ठरेल का? कधीतरी भेटलेला आजारी अनोळखी माणूस बरा व्हावा असं मला वाटलं आणि मला न कळता तो पुढे बरा झाला, तर माझं काहीच भलं झालं नाही, असं पारफिट म्हणतो. म्हणून फक्त स्वतःच्या आयुष्याबद्दलच्या इच्छा मोजाव्यात, अशी दुरुस्ती सुचवली जाते. पण सीमाप्रश्नात ही रेघ ओढायची कुठे? मुलांची शाळा, सातबारा कुठल्या भाषेत मिळतो, कचेरीतला अर्ज, हे सगळं त्या माणसाच्या रोजच्या जगण्यातलंच आहे. या एका अडचणीवर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

दुसरी जागा अमर्त्य सेन यांच्या आक्षेपाची. सतत वंचित राहिलेला माणूस अपेक्षाच कमी करतो, मग त्याचं समाधान हे कल्याणाचं माप कसं धरायचं? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली बाई 'बरं चाललंय' म्हणाली की लगेच हा आक्षेप तिला चिकटवू नका. याच निपाणीतल्या तंबाखू कामगार बायकांनी 1980च्या दशकात संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला. मनातली इच्छाच मेलेली असणं आणि इच्छा असून ती मालकासमोर न बोलणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. सेन यांचा आक्षेप फक्त पहिलीला लागू होतो.

क्षेत्रकार्य करणार असाल तर हा फरक प्रश्नावलीत उतरायला हवा. मानसशास्त्रज्ञ डीनर आणि सहकाऱ्यांची 1985ची जीवन-समाधान मोजपट्टी सोपी आहे: पाच विधानं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण, बेरीज 5 ते 35. पण मुकादम शेजारी उभा असताना घेतलेले आकडे समाधान दाखवतात की भीती, हे सांगता येत नाही. घरी जाऊन, एकटीला विचारा. आणि हे आकडे चोख असले तरी त्यावरून कुठलाच सिद्धांत सिद्ध होत नाही. समाधान म्हणजेच कल्याण हे गृहीतक त्या मोजपट्टीतच बसलेलं आहे, आणि तुम्हाला तपासायचंय ते तेच.

आता परीक्षा. नेटच्या (सहायक प्राध्यापकपद आणि संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पहिल्या पेपरला 50 प्रश्न, दुसऱ्याला 100, मिळून 300 गुण आणि तीन तास. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. तत्त्वज्ञानाचा पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो, म्हणून मराठी माध्यमातल्यांनी पारिभाषिक शब्द आधीपासून इंग्रजीतही पाठ ठेवावेत. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर 2023पासून महिना 37,000 रुपये. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, त्यात कोर्सवर्क धरून.

सीमाभागातल्यांची खरी चूक होते ती सेटमध्ये, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षेत. कर्नाटकची सेट कर्नाटकातल्या सहायक प्राध्यापकपदासाठीच चालते, महाराष्ट्राची महाराष्ट्र आणि गोव्यात. धारवाड आणि कोल्हापूर दोन्हीकडे अर्ज करायचा असेल तर नेटच काढा.